शनिवारी रात्री दहाच्या आत

पहाटे ५.२०

कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या गॅसवर चहाच्या आधी बेस गिटारच्या तारा चढतात. त्यासाठी स्टीलचा एक जुना टोप वेगळा काढलेला आहे, काठावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून. "अहो, हा टोप माझ्या भांड्यांत दिसला ना, तर त्यातच तुमचं वरण वाढीन," ही सूचना घरात कायमची लागू आहे.

चारही तारा उतरवायच्या, सैल वेटोळी करून उकळत्या पाण्यात सोडायच्या, वर चमचाभर व्हिनेगर, दहा मिनिटं. बेसची तार म्हणजे मधे गाभ्याची एक तार आणि तिच्याभोवती गच्च गुंडाळलेली दुसरी, बहुधा निकेलचा मुलामा असलेली. त्या गुंडाळीच्या फटींत बोटांचा घाम, तेल, मेलेली कातडी जाऊन बसते आणि तारेचा वरचा झणकार मारून टाकते. मग काहीही वाजवा, ढब्ब आवाज येतो. उकळल्यावर पाणी करडं होतं, वर तेलाचा तवंग येतो, आणि आपण इतके दिवस काय वाजवत होतो ते डोळ्यांना दिसतं. नवा संच दोन-अडीच हजारांना पडतो. उकळलेल्या तारांची तकाकी चार-दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून हे आठवडाभर आधी उरकून ठेवण्यात अर्थ नसतो.

पुसून, पंचावर पसरून, पंख्याखाली ठेवल्या की आंघोळ होईपर्यंत सुकतात. मग परत चढवायच्या. ई, ए, डी, जी. सगळ्यात जाडी ई, सेकंदाला साधारण ४१ कंपनं. सगळ्यात बारीक जी, ९८. या चार तारांच्या टप्प्यात माझं सगळं आयुष्य गेलं. त्याच्यावरचं सगळं गिटारवाल्याचं आणि गाणारीचं.

मी ५७ वर्षांचा आहे, डोंबिवलीत राहतो, दादरला एका सरकारी बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. कॉलेजपासून रॉक बँडमध्ये बेस वाजवतो. यातून पोट भरावं असा विचार कधी आला नाही. आला असता तर बँड केव्हाच सुटला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सकाळी ७.१०

आज तिसरा शनिवार. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते; पहिला, तिसरा आणि असलाच तर पाचवा पूर्ण दिवस भरतो. कार्यक्रम देणाऱ्यांना हे कॅलेंडर माहीत नसतं, त्यामुळे बोलावणं येतं ते हमखास तिसऱ्या शनिवारचं.

पाठीवर चार फुटी बॅग घेऊन साध्या डब्यात चढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी सामानाच्या डब्यात जातो. तिथे कोथिंबिरीच्या गोण्या असतात, फुलांचे भारे असतात, लोखंडी दरवाजाची एखादी चौकट असते, आणि त्यांच्यात माझी बॅग कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. "काय मास्तर, ऑर्केस्ट्रा का?" एका गोणीवाल्याने विचारलं. मी हो म्हणालो. पूर्वी समजावून सांगायचो. आता हो म्हणतो. तेवढ्यात ठाणं येतं.

पलीकडच्या डब्यात भजन चालू होतं. टाळ खरे, ढोलकीचं काम पत्र्यावर तळहाताने. मुंबईतले सगळ्यात पक्के बँड हेच, असं माझं प्रामाणिक मत आहे. रोज ठरलेली गाडी, ठरलेला डबा, तालमीच्या जागेचं भाडं नाही, कुणी पैसे देणार नाही आणि मागणारही नाही. एक जण निवृत्त झाला की त्याच्या खिडकीच्या जागेवर दुसरा बसतो. आमच्या रॉकवाल्यांना हे जमलं नाही. आम्ही नाव ठेवण्यात आणि लोगो काढण्यातच सहा महिने घालवत असू.

पत्र्यावरचा ठेका चांगला होता. थोडा घाई करत होता, पण गर्दीच्या गाडीत कोण घाई करत नाही.

सकाळी ९.४०

बँकेत शिरताना अंगठ्याचा ठसा द्यावा लागतो. माझी नोंद उजव्या अंगठ्याची आहे, कारण डाव्या हाताची बोटं यंत्र ओळखत नाही. चारही टोकांना घट्टे पडलेत आणि त्यांच्यावरच्या रेषा तारांनी केव्हाच पुसून टाकल्या. नोंदणीला आलेला मुलगा बिचारा डावी तर्जनी कापडाने पुसून पुसून दमला होता.

बॅग रेकॉर्ड रूममध्ये जुन्या लेजरांच्या मागे. शिपाईमामांना माहीत आहे, ते तिच्यावर काही ठेवू देत नाहीत. नवीन आलेल्या साहेबांनी मागे एकदा उघडून दाखवायला सांगितली होती. बघितलं आणि म्हणाले, "चारच तारा? दोन तुटल्या का?" हा प्रश्न प्रत्येक बेसवाल्याला जन्मभर पुरतो.

सकाळी ११ ते दुपारी १

शनिवारचा काउंटर म्हणजे पेन्शनवाले आणि पासबुक. हात काम करत असतात आणि डोकं मोकळं असतं. म्हणून मधली चाळीसेक वर्षं इथेच सांगून टाकतो.

१९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात पहिला इंडिपेन्डन्स रॉक झाला. फरहाद वाडियांनी सुरू केलेला हा मेळा, पुढे सगळे त्याला आय-रॉक म्हणू लागले. मी तेव्हा कॉलेजात. उघडं थिएटर, ऑगस्टचा पाऊस, आणि स्टेजवर आपल्यासारखेच दिसणारे लोक. तोपर्यंत रॉक म्हणजे र्‍हिदम हाउसमधून आणलेल्या कॅसेटच्या पुठ्ठ्यावरचे गोरे चेहरे. रॉक मशीनमध्ये महेश तिनईकर गिटार वाजवत होते, आडनाव ऐकून माझ्या शेजारचा मित्र म्हणाला, "अरे, आपल्यातलाच की हा." त्या बँडने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली आणि १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड केलं. इंग्रजी का होईना, पण आपली आपण लिहिलेली गाणी, ही गोष्ट त्या काळी केवढी मोठी होती ते आज सांगून कळायचं नाही. तेव्हा लोक ओळखीच्या गाण्यासाठी पैसे देत आणि अनोळखी गाण्याला चहा प्यायला उठत.

आमचा बँड सुरू झाला तो एका मित्राच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली. दोन गिटारवाले आधीच होते, तिसऱ्याच्या वाट्याला बेस आला, तिसरा मी. बेस आवडतो म्हणून बेस घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय. सुरुवातीला बेस नव्हताच. कोलकात्यात बनलेल्या गिव्हसन गिटारच्या खालच्या चार तारांवर मी बेसचे सूर वाजवायचो. ॲम्प्लिफायर अहुजाचा, म्हणजे लग्नात आणि सभेत असतो तो. त्यात गिटार घातली की आवाज आपोआप फाटायचा आणि आम्ही त्यालाच डिस्टॉर्शन म्हणायचो.

गाणी उतरवायची ती कॅसेटवरून. पॉज, रिवाइंड, पॉज, रिवाइंड. टेपरेकॉर्डरची गती किंचित कमी-जास्त असायची, त्यामुळे कॅसेटमधला सूर आणि हार्मोनियमचा सूर जुळायचा नाही. कधी कधी अख्खं गाणं अर्ध्या सुराने खाली शिकून व्हायचं. बेस ऐकू यायला आणखी एक युक्ती होती: स्पीकर लाकडी कपाटावर ठेवून कपाटाला कान लावायचा. आजच्या मुलांना यूट्यूबवर कुठल्या तारेवर कुठलं बोट तेही दिसतं. त्यांचं वाजवणं आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. वाईट वाटायचं काही कारण नाही, पण कपाटाला कान लावून जे ऐकलं ते विसरायला मात्र होत नाही.

मग बीएसआरबीची परीक्षा दिली आणि बँकेत लागलो. मित्र म्हणाले, संपला हा. झालं उलटंच. पहिल्या वर्षाच्या पगारातून फुर्ताडोजमधून खराखुरा बेस आला. काळबादेवी-धोबीतलाव भागातलं हे दुकान १८६५ पासूनचं. तिथल्या काउंटरवर हात टेकून उभं राहण्यातसुद्धा एक रुबाब होता. बँडचा पहिला चांगला मायक्रोफोन माझ्या फेस्टिव्हल ॲडव्हान्सचा. बँडमधला एक जण तरी पगारदार असल्याशिवाय बँड चालत नाही हे तेव्हा कळलं, आणि अजून तसंच आहे.

मासिकांत वाचतो की मोठे बँड मतभेदांनी फुटतात. आमचे बँड बदलीच्या ऑर्डरने फुटले. एक गिटारवाला मस्कतला गेला. एकाचं लग्न झालं आणि सासर नाशिकला. म्हणजे बायकोचं माहेर, पण धंदा तिथेच मिळाला. कीबोर्डवाल्याला हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात महिन्याचे बारा कार्यक्रम मिळू लागले. त्याचा राग आम्ही वर्षभर धरला आणि मग त्याच्याकडूनच स्पीकर उसने घेऊ लागलो. माझी स्वतःची बदली कोल्हापूर भागात झाली तेव्हा बेस कपाटावर गेला. तिथे मी देवळातल्या भजनाला बसायचो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक लावतात आणि तिचा घुमणारा खर्ज येतो, तो ऐकून मला घरी आल्यासारखं वाटायचं. किती वाजवायचं आणि किती सोडून द्यायचं, हे मी बरंचसं त्या पखवाजवाल्या बुवांकडे बघून शिकलो.

परत आलो तोवर रंगभवन बंद पडत आलं होतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या आजूबाजूला काय नाही? २००३ च्या सुमारास तिथले कार्यक्रम थांबले. माझ्या पिढीतले लोक यावरून अजून हळहळतात. मी हळहळतो आणि त्याच वेळी मला पटतंही. माझे वडील तिथल्याच एका रुग्णालयात होते तेव्हा मलाही बाहेरचा हॉर्न सहन होत नव्हता. आय-रॉक पुढे जागा बदलत राहिला, २०१३ नंतर थांबला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात माझगावला पुन्हा भरला. मी गेलो होतो. गर्दीत निम्म्यांचे केस पांढरे, आणि खुर्च्या कुठे आहेत याची चौकशी जोरात.

दुपारी १.३५

जेवणाच्या सुट्टीत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी शोधायला बाहेर पडलो. बेसच्या पोटात एक छोटं सर्किट आहे, ते तिच्यावर चालतं. बॅटरी संपत आली की आवाज आधी बसतो, मग फुटतो, आणि हे नेहमी दुसऱ्या गाण्यात होतं. किराणावाल्याकडे पेन्सिल सेल होते. मोबाइलच्या दुकानात "असली कुठे मिळते आता?" असं उत्तर मिळालं. शेवटी माइक भाड्याने देणाऱ्या मंडपवाल्याने काढून दिली, आणि जिभेला टेकवून चालते का तेही दाखवलं. डबा उभ्या उभ्याच खाल्ला.

दुपारी ४.३०

कॅश बंद. यंत्राने मोजलं, हाताने मोजलं, जुळलं. तिजोरीला दोन चाव्या, दोन माणसं. दुसऱ्या चावीच्या बाई शनिवारी माझ्यासाठी पाच मिनिटं लवकर येतात. "आज कुठे?" त्यांनी विचारलं. ठाणे म्हणालो. "इंग्लिशच का?" एक मराठी आहे म्हणालो. "मग एक दिवस येईन," म्हणाल्या. गेली कित्येक वर्षं त्या एक दिवस येणार आहेत.

नोकरीच्या नियमांचं कुणी तरी विचारतंच, म्हणून सांगतो. बँकेच्या अधिकाऱ्याला बाहेरचा धंदा करता येत नाही. कामाला धक्का न लागता अधूनमधून केलेलं कलेचं, साहित्याचं काम चालतं. 'अधूनमधून' या सवलतीत आमचा बँड कधीच मोडला नाही. तेवढ्यांदा आम्हाला कुणी बोलावतच नाही.

संध्याकाळी ६.१५

ठाण्यात एका इमारतीच्या गच्चीवरचं हॉटेल. सर्व्हिस लिफ्ट वरच्या दोन मजल्यांना बंद आणि पाहुण्यांच्या लिफ्टमधून सामान न्यायला मनाई. शेवटचे दोन मजले जिन्याने. आमच्या ड्रमरचं औषधाचं दुकान आहे. तो साठीला आला असून त्याच्या गुडघ्यांना त्याच्याच दुकानातलं मलम लागतं. पायाने वाजवायचा मोठा ड्रम जिन्यातून नेताना वरच्या पायरीवर तो, खालच्या पायरीवर मी. जुन्या बँडातले आम्ही दोघंच उरलो आहोत. गिटारवाला चौतीस वर्षांचा, ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये. गाणारी एका शाळेत विज्ञान शिकवते; ती त्याला दादा म्हणते आणि आम्हाला काका. 'काका, एंट्री लेट झाली' हे रॉक संगीतातलं वाक्य आहे असं १९८६ साली कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

साउंड चेकचा एक क्रम असतो आणि तो जगभर एकच आहे. आधी किक ड्रम, मग स्नेअर, टॉम, झांजा, मग बेस, मग गिटार, गळा शेवटी. याचा अर्थ ड्रमर अर्धा तास एकटाच ठप्प, ठप्प, ठप्प करत बसतो आणि बाकीचे भजी मागवायची की नाही यावर बोलतात. आज माशी शिंकली ती माझ्या पाळीला. बेसची पिन लावली आणि स्पीकरमधून घुम्म असा एकसारखा आवाज.

हा आवाज मी ओळखतो. आपल्या घरच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पट्टीला जी सूर येतो तो ४९. म्हणजे अर्थिंग नीट नसलं की वीज स्वतःच माझ्या जी सुराच्या जरा वर गात बसते, आणि मी जी वाजवला की दोघांची चढउताराची लाट सुरू होते, सेकंदाला एकदा. तारांना बोट लावलं की घुम्म कमी होतं, सोडलं की ये रे माझ्या मागल्या. साउंडवाला पोरगा म्हणाला, "काका, केबल बदला." केबल बदलली. "बेसच खराब आहे." मी काही बोललो नाही. गच्चीवरच्या एलईडीच्या माळा बंद करायला सांगितल्या. निम्मा आवाज गेला. उरलेला गेला तो बेस आणि मिक्सर जोडणाऱ्या डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबल्यावर. पोरगा चांगला आहे, कानाने तिखट आहे. फक्त अजून त्याचा वायरींवर फार विश्वास आहे.

या सगळ्यात पाऊण तास गेला. हौशी बँडवाल्याच्या आयुष्याचा हिशोब कुणी मांडला तर वाजवणं त्यात चिमूटभर निघेल. बाकी सगळं उचलणं, जोडणं, वाट बघणं आणि चार जणांच्या तारखा जुळवणं. ज्याला हे बाकीचं काम कमीपणाचं वाटतं तो दोन वर्षांत सुटतो. मी असे फार हुशार लोक सुटलेले बघितले. माझ्यापेक्षा चांगले बेसवाले सध्या क्रिकेट बघत असतील.

रात्री ८.३५

आम्हाला दहाच्या आत संपवायचं आहे. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, असं २००० च्या त्याच नियमांत आहे. वर्षातले मोजके सणाचे दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, आजचा दिवस त्यातला नाही. मॅनेजरने घड्याळ दाखवून तीनदा सांगितलं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. गंमत अशी, की मोजायचं यंत्र माणसाच्या कानाच्या अंदाजाने लावलेलं असतं, ते खालच्या सुरांना फार कमी भाव देतं. ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्यावर तीस डेसिबलने कमी दिसतो. म्हणजे यंत्राच्या लेखी मी जवळजवळ नसतोच. पण खालचे सूर भिंतींतून सगळ्यात सहज पार होतात, खिडक्यांच्या काचा मोजायला थांबत नाहीत, आणि शेजारच्या इमारतीतून पहिली तक्रार येते ती माझीच.

कानात बोळे घातले. हे मी उशिरा सुरू केलं. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरलं, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला पंधरा मिनिटं. ड्रमरची मोठी झांज वर्षानुवर्षं माझ्या डाव्या कानाशी फुटत आली आहे. त्या कानात एक बारीक शिट्टी कायमची राहते. ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जायची नाही. तिचा सूर साधारण कुठला ते मी पेटीवर शोधून ठेवला आहे, एवढाच त्याचा उपयोग.

पहिली दोन गाणी खुर्च्या सरकवण्यात आणि ऑर्डरींत जातात. ती गाणी म्हणून मोजायचीच नाहीत. लोक अजून लोक झालेले नसतात, टेबलं असतात. तिसरं आमचं मराठी गाणं. शब्द गाणारीचेच आहेत, चाल सगळ्यांची. इंग्रजी गाण्याच्या सवयीने आम्ही आधी ओळीच्या शेवटी 'पाऊस' ठेवला होता. वरचा सूर लांबवायला गेली की स वर हवा सुटायची आणि ताणायला हातात काही उरायचं नाही. मग 'पाऊस आला' केलं. त्या 'ला'वर ती चार ठोके आरामात उभी राहते, मी खाली ए वरून एफ वर उतरतो, ड्रमर झांज सोडून देतो. गाण्यात एवढी एकच जागा आहे. पण आज ती लागली. समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांनी हातातला चमचा ताटात ठेवला आणि स्टेजकडे वळून बसले.

बेस काय करतो असं विचारतात. ड्रमरचा उजवा पाय आणि माझी उजव्या हाताची दोन बोटं एकाच क्षणी खाली आली पाहिजेत, एवढंच. आली तर कुणाला काही कळत नाही, नुसता पाय हलायला लागतो. नाही आली तरी नेमकं काय चुकलं ते कळत नाही, पण पाय हलत नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही. त्याचा खांदा किक मारायच्या आधी किंचित वर जातो, डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला तो दिसतो. आता गुडघ्यामुळे त्याची किक कणभर मागे पडते, तर मीही कणभर मागे राहतो. गिटारवाला म्हणतो, तुमचा ठेका मस्त आरामात असतो काका. त्याला तो स्टाइल वाटतो. असू दे.

साडेनऊला फर्माईश आली: 'हॉटेल कॅलिफोर्निया'. ती येतेच. १९७६ च्या तबकडीतलं हे गाणं आमच्या देशात राष्ट्रीय संपत्ती समजलं जातं. त्याच्या शेवटी दोन गिटारी जोडीने चालतात, आमच्याकडे एकच. गिटारवाल्याने एक फेरा एका गिटारचा घेतला, एक दुसऱ्याचा, आणि जिथे दोन्ही एकदम लागतात तिथे गाणारीने आकार लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या काळी आम्ही फर्माइशीला नाक मुरडायचो. आमची गाणी ऐका, असा ताठा होता. आता मला त्यात कमीपणा दिसत नाही. कुणाच्या तरी हॉस्टेलच्या रात्री त्या गाण्यात आहेत, आपण चार मिनिटं त्या सांभाळायच्या. मात्र सगळा कार्यक्रम त्यावरच काढायचा म्हटलं तर मी घरी जाईन.

९.५४ ला शेवटचं गाणं सुरू, ९.५८ ला बंद. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला.

रात्री १०.२०

वाजवून झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सामान गुंडाळायचं. केबल कोपरावर पिळून गुंडाळली तर आतली तार तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा, अशी घ्यायची. गिटारवाला अजून कोपरावरच गुंडाळतो. घामेजलेल्या तारा कोरड्या फडक्याने पुसल्या. एक मुलगा जवळ आला, अठरा-एकोणीस वर्षांचा. "अंकल, बेस शिकवता का?" शिकवत नाही, पण तालमीला येऊन बस म्हणालो. "तुमच्याकडे गिटारवाल्याची जागा आहे का?" त्याने पुढे विचारलं. म्हणजे हाही चुकूनच बेसकडे येणार.

बारा हजार ठरले होते. टेम्पोचे अठराशे, जॅमरूमची उधारी बाराशे. उरलेल्या नऊ हजारांचे चौघांत सव्वादोन-सव्वादोन. माझा हिस्सा मी बँडच्या डब्यात टाकतो, त्यातून केबल, बॅटऱ्या आणि तालमीचं भाडं निघतं. मॅनेजर म्हणाला, "सोमवारी ऑनलाइन टाकतो." ड्रमरने माझ्याकडे बघितलं. सोमवारी टाकतो म्हणणाऱ्यांचा आमचा अनुभव दांडगा आहे. गाणारी मात्र शाळेत पालकांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "सर, आत्ताच टाकता का, म्हणजे तुमच्याही डोक्यावर राहायला नको." त्याने टाकले. चौतीस वर्षं बँकेत वसुलीची पत्रं लिहून मला हे साधलं नाही.

रात्री ११.५०

ठाण्याच्या पुलावर वडापाव खाऊन डोंबिवलीची गाडी धरली. या वेळी साध्या डब्यातही बॅगेला जागा असते. ग्रुपवर पुढची तालीम ठरवणं सुरू होतं. मंगळवारी गिटारवाल्याला अमेरिकेचा कॉल. बुधवारी गाणारीचे पेपर तपासायचे. शुक्रवारी ड्रमरच्या दुकानात स्टॉक मोजणी. "रविवारी सकाळी ८?" ड्रमरने टाकलं. "काका, सकाळी ८ ला रॉक?" गिटारवाल्याचं उत्तर. दिवा येईपर्यंत नऊ प्रस्ताव आले आणि नऊ पडले. शेवटी गुरुवारी रात्री नऊ ते अकरा, ताशी पाचशे. ड्रमरने लिहिलं, 'येताना कुणी तरी जाड सतरंजी आणा, किक घसरते.' आमच्याकडे एक आहे. कुणाला विचारून आणायची ते फक्त बघायला हवं.